सकाळी टपटप, दुपारी होरपळ: गच्चीवरच्या हरितगृहाचं हिवाळी दुखणं

लक्षणं दरवर्षी तीच. नोव्हेंबरच्या अखेरीस पहाटे प्लास्टिकच्या आतून पाणी ठिबकायला लागतं. डिसेंबरात काकडीच्या पानांवर पिवळे चट्टे उठतात, ट्रेमधली टोमॅटोची रोपं एका रात्रीत आडवी होतात, जानेवारीत सिमला मिरचीची फुलं देठासकट गळून खाली पडतात. फवारणी केली की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मुंबईत गच्चीवर प्लास्टिकचं छोटं हरितगृह उभारलेल्या बहुतेकांची ही तक्रार असते आणि बहुतेक जण दोष थंडीला देतात.

थंडीचा यात फारसा हात नाही. सांताक्रूझच्या हवामान केंद्राच्या नोंदींत जानेवारीचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस आहे, पण तो २२ जानेवारी १९६२ चा. एरवी जानेवारीतल्या रात्री तिथे १५ ते १८ अंशांच्या आसपास असतात, कुलाब्याला दोनेक अंश जास्तच. या तापमानात टोमॅटो, मिरची, वांगं मजेत राहतात. काकडीची वाढ जरा मंदावते, एवढंच. रोपं आजारी पडतात ती आपण थंडीच्या धास्तीने हरितगृह बंद ठेवतो म्हणून. फटी बुजवा, रात्री सगळं झाका हे सल्ले बर्फाच्या प्रदेशातले आहेत. मुंबईत ते पाळले की रात्रभर आत दमट कोंदटपणा आणि दुपारी भट्टी, अशी दोन टोकं एकाच दिवसात रोपांच्या वाट्याला येतात.

आधी तीन दिवस मोजा

औषधाच्या दुकानात जाण्याआधी कमाल-किमान तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल यंत्र घ्या. काही शेकड्यांत मिळतं. ते रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर टांगा, वर थर्मोकोलची पांढरी डिश उलटी बांधून सावली करा आणि प्लास्टिकला टेकू देऊ नका. थेट ऊन लागलं तर आकडे सहज पाच-सात अंश जास्त दिसतात आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. सकाळी साडेसहा, दहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा चार वेळा आतले आणि बाहेरचे आकडे लिहून ठेवा.

पहाटे आतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर आणि बाहेरची त्याहून १०-१५ टक्के कमी असेल, तर हवा कोंडली आहे. दुपारी दोनला आत ३५ अंशांपेक्षा जास्त असेल, तर उघडीप किंवा सावली कमी पडते. दोन्ही वेळचे आकडे ठीक असूनही पानं बिघडत असतील, तर दुखणं हवेत नसून कुंडीत आहे. ते शेवटी पाहू.

पाणी येतं कुठून

भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की त्याला आतून थेंब लटकलेले असतात, तोच प्रकार. हवा २५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर कुठलाही पृष्ठभाग १९ अंशांपर्यंत उतरला की त्यावर दव धरतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री प्लास्टिक आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. साधं पॉलिथिन आतल्या वस्तूंमधून निघणारी उष्णताही फारशी अडवत नाही, त्यामुळे बंद ठेवूनही पहाटे आतबाहेर फारसा फरक दिसत नाही. म्हणजे ऊब हाती लागत नाही, दमटपणा तेवढा कोंडला जातो.

गच्चीवर यात आणखी एक भर पडते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत गरम असतो. संध्याकाळी झाडांना पाणी घालून वर फरशीही धुतली असेल, तर ते पाणी त्या उबेवर रात्रभर वाफ होऊन वर जात राहतं.

पहाटे साडेसहाला आत जाऊन बघा. थेंब सगळीकडे सारखे पडत नाहीत. प्लास्टिकवरून ओघळणारं पाणी आडव्या पाइपापाशी, क्लिपांपाशी, दोरीच्या गाठीपाशी अडतं, फुगतं आणि तिथूनच खाली सुटतं. आता त्या पाइपाच्या बरोबर खालची पानं बघा. रोगाचे चट्टे त्याच रेषेत सापडले आणि हातभर बाजूची रोपं बरी असली, तर निदान झालं. खडूने जमिनीवर ती रेष आखून ठेवा. तिथे रोपांचे ट्रे कधीच ठेवायचे नाहीत.

सगळ्यात वाईट वेळ मात्र पहाटेची नव्हे, सूर्य वर आल्यानंतरच्या तासाभराची. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. ऊन प्लास्टिकवर पडताच आतली हवा झरझर तापते आणि ओल्या मातीतून वाफ उठते. पण टोमॅटोची फळं आणि जाड खोडं अजून रात्रीच्याच गारव्यात असतात. त्यांच्यावर दव धरतं. आपण मात्र ‘जरा ऊब येऊ दे’ म्हणून नऊपर्यंत पडदे उघडत नाही. केवड्यासारख्या रोगाच्या बीजाणूंना १५ ते २० अंशांत पाचसहा तास ओलं पान पुरतं, आणि हे तास त्यांना आपणच मिळवून देतो.

उघडायचं कुठे, किती, कधी

उघडीप जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक तृतीयांश हवी. १० बाय ६ फुटांच्या हरितगृहाला, म्हणजे ६० चौरस फुटांना, २० चौरस फूट. त्यावर पांढऱ्या माशीसाठी ४० मेशची (इंचात ४० छिद्रांची) जाळी लावणार असाल तर हे दुप्पट करा, कारण इतकी बारीक जाळी वारा बराच अडवते. दोन्ही लांब बाजूंना जमिनीपासून फूटभर वर दोन-दोन फूट उंचीची पट्टी मोकळी ठेवली की बरोबर ४० चौरस फूट होतात. तळाचा फूटभर भाग बंदच ठेवा. तिथून धूळ आणि उंदीर येतात.

बाजूच्या पट्ट्यांवर प्लास्टिकचा पडदा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) किंवा पीव्हीसी पाइपावर गुंडाळता येईल असा लावा. पडदा वरून खाली उघडणारा असेल तर उत्तम, कारण गरम दमट हवा वरच साठते आणि रोपांना थेट झोत लागत नाही. माथ्यावर, कण्याच्या कडेने, १० फूट लांब आणि ९ इंच रुंद फट ठेवा. हिच्याकडे सगळे काणाडोळा करतात, पण बाजूच्या खिडक्यांना ओढ मिळते ती या फटीमुळे. पावसाळ्यासाठी तिच्यावर वीतभर अंतर सोडून प्लास्टिकची टोपी बसवा.

दिशेचंही बघा. मुंबईत हिवाळ्यातल्या सकाळी वारा जमिनीवरून, पूर्व-ईशान्येकडून येतो आणि दुपारी समुद्रावरून, पश्चिम-वायव्येकडून. लांब बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला असतील तर दोन्ही वारे आरपार जातात.

रोजचा क्रम असा ठेवा. माथ्याची फट दिवसरात्र उघडी. रात्री बाजूचे पडदे वरून चार बोटं उघडे. सकाळी पावणेसातला, ऊन पोहोचायच्या आत, दोन्ही पडदे अर्धे खाली. साडेनऊला पूर्ण खाली. सूर्यास्तानंतर तासाभराने परत वर, चार बोटं सोडून. हिवाळ्यात धुक्याची किंवा ढगाळ रात्र आली तरी यात बदल नको. अंदाजात १२ अंशांच्या खालचं तापमान असेल तेवढ्या रात्री बाजू बंद करा. बोरिवली-आरे भागात असं क्वचित, बदलापूर-कर्जतकडे जरा जास्त वेळा होतं. अशा रात्रीही माथा बंद करण्यापेक्षा लहान रोपांवर तारेच्या कमानी करून १७ ते २० जीएसएमचं (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं) क्रॉप कव्हर, म्हणजे रोपं झाकायचं पातळ कापड, टाका. ते पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी काढून वाळवा.

इमारतींच्या कुशीत वारा फिरतच नसेल तर पंखा लावावा लागेल. ६० चौरस फूट गुणिले सरासरी ७ फूट उंची म्हणजे ४२० घनफूट हवा. ती मिनिटाला एकदा बदलायला तासाला सुमारे ७१५ घनमीटर क्षमता लागते. जाळीचा अडथळा धरून ९०० ते १००० घनमीटरचा एक्झॉस्ट घ्या, तो वरच्या बाजूला पश्चिमेकडच्या टोकाला बसवा आणि समोरच्या टोकाची पट्टी उघडी ठेवा. शिवाय रात्री आतल्या आत हवा हलती ठेवायला छोटा भिंतीवरचा पंखा, झोत रोपांच्या डोक्यावरून जाईल असा. वीजजोडणीला आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि झाकणाचा जलरोधक सॉकेट हवाच. इथे पैसे वाचवू नका, ओल्या फरशीवर अनवाणी वावर असतो.

ठिबकणं तरीही उरलं तर छपराचा उतार तपासा. सपाट छपरावर थेंब ओघळत नाहीत, जागीच सुटतात; किमान ३० अंशांचा उतार हवा. २०० मायक्रॉनची अतिनील-रोधक फिल्म घेताना अँटी-ड्रिप (पाणी थेंब न होता ओघळू देणारा) थर असलेली मागा आणि तो थर आतल्या बाजूला येतो ना, हे बसवण्याआधी खात्री करून घ्या. फिल्म उलटी लागणं ही फार नेहमीची चूक आहे. या थराचा गुण फिल्म खराब होण्याच्या आधीच संपतो. तेव्हा आडव्या पाइपाखाली उभा चिरलेला २० मिमी पीव्हीसी पाइप पन्हळीसारखा, जरा उतार देऊन बांधला की पाणी एका कोपऱ्यात बादलीत उतरवता येतं.

पाणी सकाळीच

साडेसात ते नऊच्या दरम्यान, आणि पानांवर नाही, बुडाशी. १२ इंची कुंडीतल्या वाढत्या टोमॅटोला डिसेंबरात दिवसाला लिटर-दीड लिटर, फळं धरल्यावर दोनपर्यंत. ऑक्टोबरच्या उकाड्यात लावून घेतलेली सवय पुढे चालू राहते आणि कोकोपीट (कुंडीतला नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत चिंब असतं. तीन बोटं खोलवरचं कोकोपीट मुठीत दाबून बघा. एखाददुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर आज पाणी नाही. ठिबकवर टायमर असेल तर दोन लिटर प्रतितासाच्या ड्रिपरला ३० ते ४५ मिनिटं पुरतात. फरशी धुवायची असेल तर ती संध्याकाळी नको, दुपारी तीनच्या आत धुवा.

दुपारची भट्टी

बाहेर ३१-३२ अंश असताना बंद प्लास्टिकखाली पारा सहज चाळिशी ओलांडतो. समुद्रावरचं वारं उशिरा सुटलं की बाहेरच ३४ होतात, मग आतलं विचारू नका. यावर बाहेरून, फिल्मपासून वीतभर अंतर सोडून, ३५ टक्क्यांची पांढरी शेडनेट दोरीवर सरकती बांधा आणि बारा ते साडेतीन एवढीच ओढा. आतून लावलेली हिरवी जाळी ऊन आत आल्यावर अडवते, म्हणजे उष्णता आतच राहते. आणि उन्हाळ्यातली ७५ टक्क्यांची जाळी तशीच राहिली असेल तर आजच काढा: टोमॅटो लांबुडका होतो, फुलं कमी येतात.

कारण हिवाळ्यात उजेडच मोजका असतो. २२ डिसेंबरला मुंबईत दिवस जेमतेम ११ तासांचा आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांवर, दक्षिणेकडे कललेला. मीटरभर उंचीच्या कठड्याची सावली उत्तरेकडे ९० सेंटिमीटर पडते, दक्षिणेला ६० मीटरचा टॉवर असेल तर त्याची ५५ मीटर. पावसाळ्याआधी ऊन मिळणारी जागा डिसेंबरात सावलीत गेलेली असते. नऊ, बारा आणि तीनला सावल्या आखून बघा. पाच तासांपेक्षा कमी ऊन असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा आणि पालक, मेथी, लेट्यूस लावा. त्यातच आता गल्लोगल्ली बांधकामं चालू आहेत, त्यांची धूळ फिल्मवर बसते. दर पंधरा दिवसांनी मऊ फडका आणि साबणाच्या पाण्याने पुसा. काथ्याने घासू नका.

भुरी की केवडा?

दोघांचा इलाज वेगळा, म्हणून ओळख पक्की हवी. भुरी म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखा पांढरा थर, बोटाने पुसला जातो. तिला ओलं पान लागत नाही. कोंदट, सावलीची जागा आणि कोरडी दुपार तिला मानवते. केवड्यात वरून शिरांनी चौकटी पाडल्यासारखे पिवळे डाग दिसतात. पान सकाळी सातला उलटून बघा: डागाच्या मागे करडी-जांभळट लव असते. दुपारपर्यंत ती सुकते आणि मग डाग खताच्या कमतरतेसारखा वाटतो. इथेच बरेच जण फसतात.

भुरीला पोटॅशियम बायकार्बोनेट ३ ते ५ ग्रॅम किंवा ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम, लिटरला. गंधक ३० अंशांच्या वर मारू नका आणि निंबोळी तेल फवारल्यापासून दोन आठवडे तर नकोच, पानं भाजतात. काकडीवर्गीय वेलांना ते मुळातच सोसत नाही, आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. केवड्याची पानं आधी तोडून पिशवीत भरून बाहेर काढा, मग कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला अडीच ग्रॅम. फवारणी सकाळी आठ-नऊला, म्हणजे पान दुपारआधी वाळतं. वेष्टनावर पीक आणि तोडणीपूर्वीचा कालावधी लिहिलेला असतो, तो पाळा. ही भाजी घरात शिजणार आहे.

आडवी पडलेली रोपं

पानं हिरवीगार, पण मातीलगतची मान दोऱ्यासारखी बारीक आणि तपकिरी. पडलेलं रोप उभं राहत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. ते भोवतालच्या दोन इंच माध्यमासकट (ट्रेमधल्या मिश्रणासकट) उचला, ट्रेला दीड दिवस पाणी बंद करा, उरलेल्यांच्या बुडाशी कोरडी बारीक वाळू भुरभुरवा आणि वरच्याच प्रमाणात कॉपर ऑक्सिक्लोराइडचं पाणी झारीने मुळाशी द्या. ट्रायकोडर्मा ही रोगाशी लढणारी मित्रबुरशी लगेच टाकू नका, तांबं त्याला मारतं. दोन आठवड्यांनी लिटरला ५ ग्रॅम द्या. पुढच्या खेपेला वापरलेले ट्रे एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात २० मिनिटं बुडवून धुऊन घ्या, गांडूळखत मिश्रणाच्या पाव भागावर जाऊ देऊ नका आणि पाणी खालून द्या: ट्रे परातीत पंधरा मिनिटं, मग निथळून वर.

फुलं गळतात

टोमॅटोचा पराग ८०-८५ टक्के आर्द्रतेच्या वर चिकट होऊन सुटत नाही आणि ३५ अंशांच्या आसपास निकामी होऊ लागतो. बंद हरितगृहात सकाळी पहिलं आणि दुपारी दुसरं. शिवाय जाळीमुळे वारा कमी, मधमाशी नाही. आर्द्रता ७५ च्या खाली आली की, साधारण दहा ते बाराच्या दरम्यान, आधाराच्या सुतळीला दोन-तीन टिचक्या द्या किंवा बॅटरीचा टूथब्रश घोसाच्या देठाला दोन सेकंद लावा. एक दिवसाआड पुरतं. सिमला मिरची ३२ अंशांच्या पुढेच फुलं टाकायला लागते, तिला कुंडीसह सगळ्यात हवेशीर बाजूला हलवा. पानं गडद, रोप माजलेलं आणि फूल टिकत नसेल तर नत्र जास्त झालंय. तीन आठवडे शेणखत-गांडूळखत थांबवा.

हवा ठीक, तरी पानांच्या कडा करपतात

प्लास्टिकखालच्या कुंड्यांना पावसाळा मिळालेला नसतो. उघड्यावरच्या कुंडीतले क्षार जून ते सप्टेंबर धुऊन जातात, या कुंडीत ते वर्षानुवर्षं साठतात. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसते. पाणी घालून अर्ध्या तासाने आणखी १०० मिलिलिटर ओता आणि तळातून निघालेलं पाणी टीडीएस पेनने (विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणाऱ्या यंत्राने) मोजा. १५०० च्या वर असेल तर टोमॅटोसुद्धा कुरकुरतो. लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी त्याच्या कितीतरी आधीच.

महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा पावसाच्या तलावांतलं, त्यात क्षार कमी असतात. टँकरचं आणि बोअरचं मात्र मोजल्याशिवाय घालू नका. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं टाकाऊ पाणी झाडांना घालायची सवय अनेक घरांत आहे. भावना चांगली आहे, पण गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. ५०० च्या आत असेल तरच वापरा.

धुण्यासाठी १२ इंची कुंडीला, म्हणजे साधारण १५ लिटर माध्यमाला, ३० लिटर चांगलं पाणी सकाळी चार हप्त्यांत द्या. निघालेलं पाणी स्लॅबवर साचू न देता नळीने थेट मोरीकडे काढा, नाहीतर रात्री तेच वाफ होऊन वर जाईल. मग दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी निम्म्या मात्रेत खत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारचं बाहेरचं तापमान लागोपाठ तीन दिवस ३४ च्या वर गेलं की बाजूचे पडदे पूर्ण उतरवा आणि जाळी तेवढी ठेवा. उतरवलेले पडदे धुऊन, दोन्ही बाजूंनी वाळवून, सावलीत गुंडाळा आणि अँटी-ड्रिप बाजूवर मार्करने ‘आत’ असं लिहून ठेवा.